भावाने जीव दिला, चिठ्ठीत साहेबाचं नाव: कंपनीवर गुन्हा होतो का, आणि तो टिकतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: धाकटा भाऊ वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळायचा. साठ्यात तूट निघाली. प्लांट मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, पगारातून वसुली लावली आणि शेवटी केबिनमध्ये बसवून राजीनामा लिहून घेतला. त्यानंतर चौथ्या दिवशी त्याने डिचोलीच्या घरी जीव दिला. चिठ्ठीत मॅनेजर, एचआर आणि मालक अशी तीन नावं आहेत. पोलिसांनी अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद केली, एफआयआर नाही. बाराव्याच्या आधीच कंपनीचा माणूस पाच लाखांची गोष्ट करून गेला. आणि तुम्ही विचारता, मालकाला शिक्षा होईल का?

मी गोव्यात फौजदारी वकिली करतो. अशा प्रकरणांत कधी कुटुंबाच्या बाजूने, कधी आरोपी अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहिलो आहे, त्यामुळे दोन्हीकडचे युक्तिवाद मला माहीत आहेत. गोड बोलून तुमचा उपयोग होणार नाही, म्हणून आधीच सांगतो. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. गुन्हा नोंद व्हायला हवा का? तुम्ही सांगता ते खरं असेल तर हो. शिक्षा होईल का? मालकाला होण्याची शक्यता अगदी कमी. मॅनेजरच्या बाबतीत सगळं त्या शेवटच्या काही आठवड्यांच्या कागदांवर आणि साक्षीदारांवर अवलंबून आहे.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ लागतं, त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६. मजकूर जवळपास तोच: आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. पण ‘प्रवृत्त करणे’ म्हणजे काय हे कलम १०८ मध्ये नाही, ते कलम ४५ मध्ये आहे. चिथावणी देणं, कटात सामील होणं किंवा जाणूनबुजून मदत करणं. नोकरीच्या प्रकरणांत गाडी नेहमी पहिल्यावरच येऊन थांबते: साहेबाने चिथावणी दिली का?

इथेच कुटुंबांची मोठी गल्लत होते. छळ सिद्ध झाला की गुन्हा सिद्ध झाला असं त्यांना वाटतं. कोर्ट त्याच्या पुढचं विचारतं. या माणसाने मरावं असा त्या वागण्यामागे हेतू होता का? किंवा जाणूनबुजून अशी परिस्थिती उभी केली का, की त्याला दुसरी वाटच उरली नाही? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात म्हटलं आहे की रागाच्या भरात, परिणामाचा विचार न करता बोललेला शब्द चिथावणी ठरत नाही. ‘जा, मर’ असं भांडणात म्हटलं म्हणूनही पुढच्या वर्षीच्या एका निकालात आरोपी सुटला. ऐकायला कठोर वाटतं, मला माहीत आहे.

नोकरीच्या प्रकरणांत तर कोर्ट आणखी सावध असतं. हाताखालच्या माणसाकडून काम करून घेणं, चूक झाली तर मेमो देणं, बदली करणं, चौकशी लावणं हा वरिष्ठाच्या कामाचाच भाग आहे. २००५ च्या नेताई दत्ता प्रकरणात बदली आणि थकलेल्या पगाराची तक्रार होती, चिठ्ठीत नाव होतं, तरी खटला रद्द झाला. २०१० च्या मदन मोहन सिंग प्रकरणात सरकारी खात्यातल्या चालकाने साहेबाचं नाव लिहिलं होतं, तोही रद्द झाला. आपल्याला जवळचं उदाहरण औरंगाबादचं. शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये जीव दिला. पत्नीची तक्रार अशी की साहेब रात्री उशिरापर्यंत थांबवायचे, सुट्टीच्या दिवशी बोलवायचे, एक महिन्याचा पगार अडवला, वेतनवाढ रोखण्याची धमकी दिली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला. मात्र एक गोष्ट त्यांनी मान्य केली: कुणी हेतुपुरस्सर अशी स्थिती निर्माण केली असेल की माणूस त्या टोकाला ढकलला जाईल, तर हे कलम लागू शकतं. नुसता कामाचा बोजा म्हणजे ती स्थिती नव्हे.

ऑक्टोबर २०२४ चा निपुण अनेजा निकाल तुमच्या वकिलाने वाचलेला असायलाच हवा, कारण समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो पुढे करणार. हिंदुस्तान लिव्हरच्या एका जुन्या विक्री कर्मचाऱ्याने २००६ मध्ये लखनौत जीव दिला. आरोप असा की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणून वरिष्ठांनी दबाव आणला, अपमान केला. न्यायालयाने तिथे नाती दोन प्रकारची मानली: घरातली, जिव्हाळ्याची, आणि कामावरची. कामावरच्या नात्यात अपेक्षा नियमांनी आणि कराराने ठरलेल्या असतात, म्हणून तिथे हेतूचा पुरावा अधिक ठोस लागतो. खटला रद्द झाला. निकालाच्या जोडीला त्या तारखाही बघा. २००६ ची घटना, २०२४ चा शेवट. आणि तो शेवट खटला पूर्ण होऊन नव्हे, खटला चालवावा की नाही एवढ्याच प्रश्नावर. घरी आईवडिलांना हे आधीच समजावून सांगा.

मग काहीच होत नाही का? होतं. २०१२ च्या प्रवीण प्रधान प्रकरणात एका अभियंत्याने चिठ्ठीत लिहिलं होतं की वरिष्ठाने त्याचा सतत अपमान केला. तिथे सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. एखाद्या दिवसाचं रागावणं वेगळं आणि रोजचा ठरवून केलेला पाणउतारा वेगळा, हा फरक तिथे महत्त्वाचा ठरला.

तुमच्या भावाच्या बाबतीत मला काय दिसतं ते सांगतो. साठ्यातल्या तुटीबद्दल जाब विचारणं हे मॅनेजरचं काम होतं, त्यावर गुन्हा उभा राहणार नाही. पण तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी कामाच्या हद्दीबाहेरच्या आहेत. पहिली, पगारातून वसुली. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर नुकसान त्या कामगाराच्याच निष्काळजीपणाने झालेलं असावं लागतं आणि त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तुम्ही ‘चौकशी झालीच नाही’ असं लिहिलंय. ते खरं असेल तर ती वसुलीच बेकायदा. दुसरी, चौकशीशिवाय चोर ठरवणं, तेही शिफ्ट बदलताना गेटपाशी, जिथे दोन्ही पाळ्यांची माणसं उभी होती. तिसरी, राजीनामा. केबिनचं दार बंद करून, ‘सही कर नाहीतर पोलिसांना बोलावतो’ असं म्हणून घेतलेला कागद म्हणजे धमकी आहे, अडवून ठेवणं आहे. हे स्वतंत्र गुन्हे आहेत. तक्रारीत कलम १०८ बरोबर त्यांचेही तपशील यायला हवेत. पुढे मोठं कलम गळालं तरी हे उरू शकतात. इतका साधा मुद्दा, पण रागाच्या भरात लिहिलेल्या तक्रारींत तो बहुतेकदा नसतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. भावाने राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, माझं नाव खराब करू नका, मला जगता येणार नाही’ असा मेसेज पाठवला होता आणि त्याला उत्तर आलं होतं. काय उत्तर आलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. या प्रकरणाचा निम्मा भार त्या उत्तरावर आहे. समोरचा माणूस कोसळतोय हे कळल्यावर साहेब काय बोलला, गप्प बसला की अजून दाबलं? नाजूक मनाच्या माणसाने साध्या बोलण्याचं मनाला लावून घेतलं, असा बचाव नेहमी होतो आणि न्यायालयं तो मानतातही. पण ज्याला त्याची अवस्था लेखी कळवली होती, त्याच्या तोंडी तो बचाव तितका सहज शोभत नाही. राजीनाम्यापासून मृत्यूपर्यंतचे चार दिवस तासातासाने मांडून घ्या. कुणाचा फोन आला, किती वाजता, तो कुणाशी काय बोलला. घटना आणि मृत्यू यांच्यातलं अंतर जितकं कमी आणि दुवे जितके सलग, तितकं प्रकरण तगतं.

चिठ्ठीबद्दल. मरण पावलेल्या माणसाचं आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दलचं विधान पुरावा म्हणून चालतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली. पण चिठ्ठीतलं नाव म्हणजे निकाल नव्हे. ‘अमुक माणूस माझ्या मरणाला जबाबदार’ एवढंच वाक्य असेल तर वरचे सगळे निकाल तुमच्या विरुद्ध वाचले जातील. त्या माणसाने काय केलं, कधी केलं, हे चिठ्ठीत असेल तर गोष्ट वेगळी. मूळ चिठ्ठी पोलिसांनी पंचनाम्यात घेतली आहे का, याची खात्री करा आणि प्रत मागा. अक्षर जुळवायला भावाचं जुनं, सहज लिहिलेलं अक्षर लागेल: बँकेचे फॉर्म, वही, स्टोअरच्या रजिस्टरच्या फोटोतल्या नोंदी. ते गोळा करून ठेवा.

फोन कुणी चाळू नका. मेसेज फॉरवर्ड करून पुरावा होत नाही, उलट ‘तुम्हीच ढवळाढवळ केली’ म्हणायला जागा होते. फोन पोलिसांनी रीतसर जप्त करावा आणि त्यातली माहिती प्रमाणपत्रासह काढली जावी. सीसीटीव्हीची मात्र घाई आहे. कंपन्यांतलं चित्रीकरण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. गेट, स्टोअर, केबिनबाहेरचा पॅसेज, या तारखांचं चित्रीकरण जपून ठेवा, असं पत्र कंपनीला आणि पोलिसांना आजच द्या आणि पोच घ्या. उद्या ते ‘मिळत नाही’ म्हणाले तर ती पोच कामाला येते.

भावाचे सहकारी अजून तिथेच नोकरी करतात. आज तुमच्या घरी येऊन रडले म्हणून दोन वर्षांनी कोर्टात बोलतील, असं धरून चालू नका. त्यांनाही हप्ते आहेत, मुलं आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावा, अशी विनंती तपास अधिकाऱ्याला लेखी करा. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबापेक्षा तो पुढे फिरवणं कठीण जातं.

आता एफआयआर. डिचोली पोलीस तुम्हाला वेर्ण्याला पाठवत आहेत आणि वेर्ण्याचे डिचोलीला, हे वाचून नवल वाटलं नाही. कृत्य जिथे घडलं तिथे किंवा परिणाम जिथे झाला तिथे, दोन्हीकडे तपास आणि खटला चालू शकतो. आणि हद्द कुणाचीही असो, तक्रार घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवणं बंधनकारक आहे. ‘आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करतो’ असं सांगितलं गेलं असेल तर ती तरतूद तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ही पायरी चुकवून थेट पर्वरीला उच्च न्यायालयात जायची घाई करू नका, बहुतेकदा तिथून परत याच वाटेला लावतात.

तक्रारीत कोणाची नावं घालायची? तुम्हाला हे आवडणार नाही, पण मालकाचं नाव घालण्याआधी थांबा. दंडसंहितेच्या गुन्ह्यात कंपनीच्या कृत्यासाठी संचालक आपोआप जबाबदार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील भारती मित्तल प्रकरणात २०१५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याने स्वतः काय केलं ते दाखवावं लागतं. तुमचा भाऊ मालकाला एकदाही भेटला नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. मालकाने मॅनेजरला ‘त्याला घालवा, कसंही करून’ असा ईमेल केला असेल तर गोष्ट निराळी, तो ईमेल शोधायला तपास अधिकाऱ्याला सांगा. नसेल तर मालक उच्च न्यायालयातून चार महिन्यांत बाहेर पडेल आणि त्या आदेशातली वाक्यं मॅनेजरचा वकील पुढे दहा ठिकाणी वाचेल. एचआरचंही तसंच. राजीनामा घेताना ती बाई खोलीत बसून काय करत होती, हे सांगता येत असेल तरच. माझं मत विचाराल तर एका माणसावर नेमकी, तारखांसह केलेली तक्रार दहा माणसांवरच्या तक्रारीपेक्षा भारी पडते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही बजावलं आहे की शोकाकुल कुटुंबाच्या भावना शमवण्यापुरतं हे कलम यांत्रिकपणे लावू नये. अशा वातावरणात फुगवलेली तक्रार लवकर फुटते.

मॅनेजर अटकपूर्व जामीन मागेल. तो मिळण्याचीही बरीच शक्यता आहे, त्यावरून प्रकरण संपलं असं समजू नका. पीडित कुटुंबाला जामिनाच्या वेळी ऐकून घेतलं जावं, हा तुमचा हक्क आहे. सरकारी वकिलाला मदत म्हणून तुमचा वकील उभा राहू शकतो. मी कुटुंबांना सांगतो, पैसे खर्च करायचे तर याच टप्प्यावर करा.

पाच लाखांचं काय, हे तुम्ही शेवटी, जरा संकोचून विचारलंय. संकोच नको. फक्त दोन हिशेब वेगळे ठेवा. भावाचा थकलेला पगार, बेकायदा कापलेली रक्कम, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि त्याच्याशी जोडलेला विमा हे त्याच्या कष्टाचे पैसे आहेत. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नसते आणि निर्वाह निधीच्या विम्याची कमाल रक्कम सात लाख आहे. म्हणजे ‘मदत’ म्हणून पुढे केलेली रक्कम कदाचित हक्काच्या रकमेपेक्षाही कमी असेल. कंपनी म्हणेल, राजीनामा दिला म्हणजे तो नोकरीत नव्हताच. म्हणून तो राजीनामा कसा घेतला गेला, कधी स्वीकारला गेला, हे फौजदारी प्रकरणाइतकंच इथेही मोलाचं आहे. पगार, कापलेली रक्कम आणि ग्रॅच्युइटीचा विषय पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्तांकडे न्या, निर्वाह निधी आणि विम्याचा निर्वाह निधी कार्यालयाकडे, फौजदारी तक्रारीची वाट बघू नका.

त्यापलीकडचे पैसे ‘आमची काही तक्रार नाही’ या प्रतिज्ञापत्राच्या बदल्यात असतील, तर सही करू नका. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणारा नाही. २०२२ च्या दक्षाबेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कुटुंबाने समझोता केला म्हणून असा एफआयआर रद्द करता येत नाही. गुन्हा तर कागदोपत्री राहीलच, आणि तुमच्या सहीचा कागद मात्र साक्षीच्या दिवशी तुमच्याच वडिलांच्या हातात देऊन विचारतील, ‘ही सही तुमचीच ना?’ एका घराचं असंच झालेलं मी पाहिलं आहे. बाप पिंजऱ्यात उभा होता, चष्मा घरी राहिला होता, आणि तो कागद डोळ्यांपासून लांब धरून तो वाचायचा प्रयत्न करत होता. सही त्याचीच होती.

एखादा मॅनेजर हे वाचत असेल तर त्याच्यासाठी दोन ओळी. मेमो द्या, चौकशी लावा, कायदा तुम्हाला अडवत नाही. पण ते बंद पाकिटात द्या, ग्रुपवर नको, गेटवर नको. आणि माणसाने जगण्यामरण्याचं काही बोललं किंवा लिहिलं, तर त्या क्षणी शिस्तीचा विषय बाजूला ठेवून त्याच्या घरी फोन करा.

ताई, तुम्ही लिहिलंय की आई रात्री उठून दाराशी बसते. तिला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत घेऊन जा, किंवा निदान १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर तुम्ही आधी बोला, तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. पोलिसांना जबाब द्यायची घाई तिच्यावर करू नका. कुठल्याही स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तो घरी येऊन घ्यावा लागतो, हे तपास अधिकाऱ्याला ठामपणे सांगा. तिच्या जबाबाआधी तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि त्याचं उत्तर जप्त झालेलं असू दे. उत्तरात काय होतं ते कळलं की पुन्हा लिहा. कलम १०८ वर किती जोर द्यायचा आणि धमकीच्या कलमांवर किती, ते त्यानंतर सांगता येईल.